चहाडखोर

दि. ११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ते घड्याळवाल्या काकांच्या दुकानासमोर घडलं. आत चाळीस घड्याळं आहेत आणि एकही मिनिटभर मागेपुढे चाललेलं काकांना खपत नसे.

काका गेले, ताई. दुकानासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर, चौथ्या पट्ट्यावर. गाडी चौदा नंबर चालवत होती.

चौदा नंबर कोण, ते तुला मागे लिहिलं होतं. मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या रजिस्टरमध्ये तिचा अनुक्रमांक चौदा, म्हणून स्कूलमध्ये सगळे तिला तसंच म्हणतात. डिसेंबरात तिने आमच्याकडे तीस दिवस गाडी शिकली, शिकवली मी. परीक्षा पास झाली, लायसन्स मिळालं, आणि महिन्याभरात हे.

मी तेव्हा मागेच, स्कूलच्या गाडीत होतो. शेजारी आमचे नवे विद्यार्थी, एक रिटायर्ड पोस्टमन, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडवत होते. गर्दी दिसली म्हणून उतरलो. तिच्या वडिलांची पांढरी गाडी पट्ट्यांच्या बारा पावलं पुढे जाऊन थांबलेली. ती फुटपाथवर उभी होती, दोन्ही हात पुढे धरून, जसं काही स्टिअरिंग अजून हातातच आहे. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, की मी दाबला होता, मी ब्रेक दाबला होता.

आता गाव म्हणतंय ती खोटं बोलते. म्हणे फोनवर होती, म्हणे आरशात बघत होती. गॅरेजवाल्या मिस्त्रीने गाडी तपासून लिहून दिलं, की ब्रेक शाबूत आहे आणि रस्त्यावर टायर घासल्याची खूणही नाही. मी गॅरेजमध्ये जाऊन त्याची कॉलर धरली. डोळे फुटलेत का, असं विचारलं. मामाने मला ओढत घरी आणलं. माझी काय चूक ते सांग.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगू नकोस. तेव्हापासून मी जिथे बसतो तिथे माझा उजवा पाय दाबला जातो. जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही. आपण होऊन.

भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा. लोभ आहेच, तो सध्या जरा जास्त लागणार आहे.

तुझा
तोफखाना

*

दि. १६ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात, औषधांच्या कपाटाआड उभं राहून वाचलं. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, मी त्याला पोटदुखीचं देऊन बसले असते. तुझे भाऊजी म्हणतात फोन का नाही करत तुम्ही भावंडं. मी सांगितलं, की फोनवर हा ओरडतो आणि मग ठेवून देतो. कागदावर ओरडता येत नाही, आणि आपटायला दारही नसतं.

मिस्त्रीची माफी माग. आधी ते. कॉलेजातही तू असंच केलंस. हजेरीवरून सरांशी भांडलास, दार असं आपटलंस की काच तडकली, आणि त्या तडकलेल्या काचेमुळे परत आत जायची लाज वाटली म्हणून दुसऱ्या वर्षातच शिक्षण संपलं. मामाने तुला स्कूलमध्ये घेतलं तेव्हा मी म्हणाले होते, की ज्याला स्वतःला थांबता येत नाही तो लोकांना काय थांबायला शिकवणार. गंमत होती रे ती. आज लिहिताना ती गंमत वाटत नाही.

काकांचं ऐकून फार वाईट वाटलं. माझ्या लग्नातल्या घड्याळाचा पट्टा त्यांनी तीनदा बदलून दिला होता आणि तिन्ही वेळा मलाच रागावले होते, की मनगट घड्याळासाठी असतं, भांडी घासण्यासाठी वेगळं काढून ठेव.

आता एक विचारते. रागावू नकोस. तुझ्या एका पानात चौदा नंबर किती वेळा आहे ते मी मोजलं नाही, कारण मोजायची गरज नाही. ताई आहे मी. तुझा जीव तिच्यात आहे हे मला डिसेंबरपासून माहीत आहे. पण तू मिस्त्रीबद्दल लिहिलंस, गावाबद्दल लिहिलंस, आणि ती गाडी कशी चालवायची याबद्दल एक ओळ नाही. तीस दिवस तिच्या शेजारी बसला होतास ना? मग ती ब्रेक दाबायची की नाही, हे गावात फक्त तुलाच माहीत असणार.

आणि पाय तुझा का दाबला जातो? तू तर त्या गाडीत नव्हतास.

उत्तर सावकाश दे, पण खरं दे.

तुझी
ताई

*

दि. १९ फेब्रुवारी

मास्तरांस,
स. न. वि. वि.

तुम्ही माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, तरी पहिल्या दिवशी गंमत म्हणून मी मास्तर म्हणाले आणि तेच राहिलं. आज गंमत म्हणून लिहीत नाही.

बाबांनी वकील लावलाय. वकील म्हणाले, की ब्रेक निकामी होता हे टिकणार नाही. तेव्हा म्हातारे न बघता रस्त्यात उतरले, असं सांगायचं. मार्चच्या पहिल्या सोमवारी चौकशीच्या साहेबांपुढे मला तसं लिहून द्यायचं आहे. बाबा म्हणतात, गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार आहे.

पण ते बघून उतरले होते. माझ्याकडेच बघितलं त्यांनी. रोज शिकताना आपण तिथे थांबायचो तेव्हा ते जसा हात वर करायचे, आभार मानल्यासारखा, तसाच केला. मला ओळखलं त्यांनी. ही पोरगी थांबते हे त्यांना माहीत होतं, म्हणून पुढचं पाऊल टाकलं. तो हात मला भिंतीवर दिसतो, ताटात दिसतो.

मी ब्रेक दाबला होता. देवाशपथ. जितका रोज दाबायचे तितकाच दाबला. तितक्यावर गाडी नेहमी थांबायची. त्या दिवशी ती थांबली नाही, आणि मी घाबरून पाय तसाच धरून बसले, आणखी दाबायचा असतो हे मला सुचलंच नाही.

मला वेड लागलंय का? घरात सगळे माझ्याकडे तसंच बघतात. तुम्ही तीस दिवस शेजारी होतात. तुम्ही सांगा. मी गाडी थांबवायचे की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

आपली
चौदा नंबर

*

दि. २० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. माझं सगळं बदललं ते त्या मंगळवारी नव्हे. ते डिसेंबरात, तिच्या शिकवणीच्या पाचव्या दिवशी बदललं, आणि तेव्हा मी आनंदात होतो.

तुला मामाची गाडी आठवते ना? शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक. तो दाबला की डॅशबोर्डखाली एक भोंगा कोकलतो. मामाने स्वतः बसवलाय तो, त्याचं नाव चहाडखोर. मामाचं म्हणणं, की मास्तरने ब्रेक मारला तर ते शिकणाऱ्याला कळलंच पाहिजे, चारचौघांत कळलं पाहिजे, नाहीतर तो समजेल मीच थांबवली. बावीस वर्षं तो भोंगा लोकांना लाजवतोय. मोठे मोठे गृहस्थ घामाघूम होतात, पण थांबायला शिकतात.

पाचव्या दिवशी बाजाराच्या एका फेरीत चहाडखोर तीनदा कोकलला. फळवाल्याने टाळ्या वाजवल्या. तिचे डोळे भरले. म्हणाली, उद्यापासून येत नाही, मला नाही जमणार. आणि माझं डोकं सटकलं, ताई. फळवाल्यावर, भोंग्यावर, सगळ्यांवर. खाली हात घातला आणि वायर उपटली. ती आधी बघतच राहिली. मग हसली. ते हसू मी काय वर्णू. तुला हसायला येईल.

त्यानंतर पंचवीस दिवस मी ब्रेक मारत होतो. इतक्या हलक्या पायाने की तिला कळूही नये. ती अर्धा दाबायची, उरलेला मी. ती म्हणायची, बघा मास्तर, आता कशी लोण्यासारखी थांबते. मी म्हणायचो, वा. घड्याळवाले काका पट्ट्यांवरून जाताना तिला हात करायचे, ती मान झुकवायची, आणि मला वाटायचं, की हे मी तिला दिलंय, तिला ठाऊकही नसलेलं. शेवटच्या दिवशी रजिस्टरमध्ये 'थांबणे' या रकान्यात मी लिहिलं, 'उत्तम'. परीक्षा मोकळ्या मैदानावर, समोर चिटपाखरू नाही. ती पास झाली.

आज तिचं पत्र आलं. ती विचारते, मी थांबवायचे की नाही, हो की नाही लिहा. मार्चच्या पहिल्या सोमवारी तिच्याकडून लिहून घेणार आहेत, की काका न बघता उतरले.

काल काकूंकडे गेलो होतो. दुकान उघडून लोकांची घड्याळं परत करताहेत. चावीची सगळी थांबलीत. किल्ली द्यायची होती त्या दिवशी कोण देणार? सेलवरचं एकच चालू आहे, आणि त्या शांततेत ते फार मोठ्याने चालतं. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो तर पाय दाबला गेला. काकूंनी विचारलं, पाय दुखतो का रे. मग चिठ्ठ्या लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की मला दुसरं काही नको, फक्त ते बघून उतरले का हे कुणी सांगितलं तर बरं होईल. लोक म्हणतात म्हातारपणी भान राहिलं नव्हतं. चाळीस वर्षं मला रस्ता ओलांडायला शिकवलं, आणि स्वतः न बघता उतरले असतील तर मी कुणावर रागवायचं, असं म्हणाल्या.

मी चपला घालून निघून आलो. आज बोलतो आहे ते तुझ्याशी. शिव्या दे, पण पत्र लवकर टाक.

तुझा,
तोफखाना म्हणायचीही लाज वाटते

*

दि. २२ फेब्रुवारी

चि. सौ. मोठीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही, अक्षर लावून घे. तुझ्या भावाने मला काल सगळं सांगितलं. चौकशीच्या सोमवारी तो साहेबांकडे जाणार म्हणतो, वायर आणि रजिस्टर घेऊन. मी बरंच बोललो. स्कूलचा परवाना जाईल हे बोललो. त्याच्यावर खटला होईल हेही बोललो. तो एरवीसारखा ओरडला असता तर मी ओरडून गप्प केला असता. तो ओरडला नाही. खाली बघून बसला. मला त्याचीच भीती वाटली.

तुझं तो ऐकतो. त्याला थोपव. निदान थोडे दिवस थांब म्हणावं.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशीच राहू दे. वायर लोंबताना मी पाहिली होती. आठव्या दिवशी गाडी पुसायला घेतली तेव्हा. जोडणार होतो. मग वाटलं, पोराचं वय आहे, पोरगी भली आहे, कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा हा शीळ घालत जिना उतरतो. राहू दे चार दिवस. हसलो आणि फडकं झटकून आत गेलो.

बावीस वर्षं मी सांगत आलो, की गाडी चालवणं कुणीही शिकवेल, आपण थांबायला शिकवतो. आणि स्वतः थांबवायच्या वेळी फडकं झटकत होतो.

जावईबापूंना नमस्कार. छोटीला आशीर्वाद. उत्तर आलं नाही तरी राग नाही.

तुझा
मामा

*

दि. २५ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद.

नाव बदलायचं नाही. तोफखानाच राहायचं, फक्त तोंड कुठे करायचं ते शिकायचं.

शिव्या देणार होते. चार ओळी लिहून फाडल्या. त्याचं कारण सांगते. मागच्या महिन्यात छोटीला शाळेत सोडताना उशीर झाला म्हणून मी लाल सिग्नलला स्कूटर काढली. एक बाई कडेवर मूल घेऊन निघाली होती, ती वेळेवर मागे सरकली. मी छोटीला म्हणाले, बघ, वाचलो. छोटी म्हणाली, की आई, आपण कुठे वाचलो, त्या वाचल्या. हे मी तुझ्या भाऊजींनाही सांगितलेलं नाही. आपल्याला वाटतं आपण नीट चालवतो. निम्म्या वेळा समोरचा आपल्यासाठी ब्रेक मारत असतो आणि भोंगा वाजत नाही.

मामाचं पत्र आलं. तुला थोपव म्हणतात. त्यात आणखीही आहे, पण ते मी सांगणार नाही. लहानपणी तू सायकल विहिरीच्या कठड्यावरून चालवल्याची चहाडी मी केली होती, तेव्हा तू वर्षभर मला चहाडखोर म्हणायचास. तेव्हापासून दुसऱ्याचं सांगणं मी सोडलंय. ज्याचं त्याने सांगावं. मामाला तूच विचार, डोळ्यांत बघून.

मी तुला थोपवत नाही. पण एक ऐक. तिला वाचवायला म्हणून जाणार असशील तर घरीच बस. तू हिरो होशील आणि ती रडून तुझा हात धरेल, असं काही होणार नाही. उलट होईल. आज तिला वाटतं, की आपल्याला वेड लागलंय. उद्या कळेल, की वेड लागलं नव्हतं, कुणीतरी लाडाने आपले पाय अर्धे ठेवले. ती तुझ्याकडे पुन्हा बघणार नाही, आणि ते बरोबर असेल. तिचाही वाटा आहेच. चाक तिच्या हातात होतं, आणि तो वाटा तिचा तिला उचलू दे. तू तोही उचलायला गेलास, तर पुन्हा तेच, हलक्या पायाने दाबलेला ब्रेक.

एवढं समजून जाणार असशील, तर जा. काकूंकडे आधी जा. त्या बाईला एवढंच हवंय.

आणि नाश्ता करून जा. रिकाम्या पोटी तू जास्त खरं बोलतोस आणि मग भांडतोस.

तुझी
एकेकाळची चहाडखोर

*

दि. २८ फेब्रुवारी

चौदा नंबर यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही हो किंवा नाही विचारलंत. उत्तर नाही.

तुम्ही अर्धा ब्रेक दाबायचात. उरलेला माझा पाय दाबायचा, रोज, तुमच्या नकळत. भोंग्याची वायर मी त्यासाठीच उपटली होती. तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुम्ही जितकं शिकलात तितकंच केलंत. थांबणं मी तुम्हाला शिकवलंच नाही, आणि 'उत्तम' लिहून दिलं.

काका बघूनच उतरले. त्यांचा हात रोज खरं तर माझ्या पायासाठी वर जायचा, आणि त्या मंगळवारी तो पाय तिथे नव्हता. न बघता उतरले असं लिहून देऊ नका. सोमवारी मी तिथे तुमच्या आधी पोचलेला असेन.

उत्तर देण्याची गरज नाही. मला मास्तर म्हणायचीही नाही.

आपला
शिकवणारा

*

सोमवार, सकाळ

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाश्ता केला. दोनदा घेतला, म्हणजे आता अर्धंच खरं बोलेन, काळजी करू नकोस.

मिस्त्रीची माफी मागितली. तो म्हणाला, कॉलर जुनीच होती. मग माझ्याकडे बघून म्हणाला, की ब्रेकला काही झालं नव्हतं हे मला माहीत होतं, पण ती पोरगीही खोटं बोलत नव्हती, आणि या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात ते काही मला उमगेना. मी त्याला कसं ते सांगितलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

काकूंकडे काल जाऊन आलो. बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. ते बघून उतरले, हात करून उतरले, आणि गाडी थांबेल असं त्यांना वाटलं ते माझ्यामुळे. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, बघून उतरले ना, एवढं पुरे. बाकीचं तुझं तू बघ, मला माफ कर म्हणू नकोस, आज माझ्याकडे ते नाही. मग भिंतीवरचं ते एकच चालू असलेलं घड्याळ उतरवलं आणि त्यातला सेल काढला. मी दुकानाची पायरी उतरेपर्यंत मागे काहीच वाजत नव्हतं.

तुझ्या सांगण्यावरून मामाला विचारलं, डोळ्यांत बघून. त्याने सांगितलं. आठवा दिवस, फडकं, सगळं. मी म्हटलं ते मी लिहून देणार नाही. त्यावर पहिल्यांदा तो माझ्यावर भडकला. म्हणाला, तू कोण माझ्यासाठी ब्रेक मारणारा, माझं मी सांगेन, आज नाही तर उद्या. सांगेल की नाही मला माहीत नाही. मी वाट बघणार नाही.

आज उठलो तर टेबलावर रजिस्टर होतं, आणि त्यावर रुमालात गुंडाळलेला चहाडखोर. गाडीतून काढून त्याने रात्रीच ठेवला असावा. लहान आहे ग तो, मुठीत मावतो. एवढासा जीव आणि बावीस वर्षं सगळ्या बाजाराला ऐकू जायचा.

भाऊजींना सगळं सांग. छोटीला सांगू नकोस, किंवा सांग, तीच जास्त समजेल. काय होईल ते होईल. तुझा लोभ मी आता मागत नाही, तो तुझा तू ठरव. माझा तुझ्यावर आहे.

तुझा
तोफखाना

ता. क. हे पेन्सिलीने, जिन्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे, कारण तुला सांगितल्याशिवाय पाकीट चिकटवावंसं वाटेना. मी निघालो तेव्हा मामा खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. रुमाल खिशात घालताना माझी नजर टेबलाखाली गेली. त्याचा उजवा पाय जमिनीवर रुतला होता, टाचेपासून बोटांपर्यंत, पूर्ण दाबलेला. मी उभा राहिलो. पाय हलला नाही. मग मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं, आपटलं नाही. कडी लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही.